डावीकडचा रकाना

शोभे, तू गेलीस त्याला आज तीन आठवडे झाले. अण्णा रोज सकाळी माझ्या टेबलाशी येतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "कुंदाताई, मग कोणतं घ्यायचं?" त्यांचं काही चुकत नाही. छापखाना त्यांचा. जुना संगणक आज बंद पडतो की उद्या, अशी गत झाली आहे, आणि पुस्तकांची पानं लावायला नवं सॉफ्टवेअर कोणतं चांगलं हे तपासून सांगायचं काम त्यांनी आपल्या दोघींवर सोपवलं होतं. चार महिने आपण तपासत बसलो. निकाल सांगायची वेळ आली आणि तू उठून चालती झालीस.

मी म्हणते, "सांगते अण्णा, दोन दिवसांत सांगते." आणि सांगत नाही. कारण सांगायचं तर वही उघडावी लागते. आपण दोषांची नोंद करत होतो ती लाल पुठ्ठ्याची वही माझ्या खणात आहे, आणि तू कशानं गेलीस ते त्या वहीत तारीखवार लिहिलेलं आहे. अर्धं तुझ्या अक्षरात, अर्धं माझ्या. रोज घरी जाण्याआधी मी ती वही वाचत होते. मला वाटायचं, मी सॉफ्टवेअरचे दोष वाचते आहे.

म्हणून आज तुझ्याशीच बोलते. मी बोलायला लागले की तू मध्येच तोडायचीस. आता तोडायला नाहीस, तर सगळं सांगून टाकते.

बावीस वर्षं आपण शेजारी शेजारी बसलो. मी माहेरची कोल्हारची, लग्न होऊन नेवाशात आले तेव्हा टायपिंगची परीक्षा पास होते एवढंच भांडवल. पहिल्या दिवशी अण्णांनी मला तुझ्या बाजूला बसवलं आणि तू म्हणालीस, "माऊसला एवढं काय भेतीस, चावनार हाय व्हय तो?" पान लावायला मला तूच शिकवलंस. मजकूर किती, फोटो केवढा, कडेला जागा किती सोडायची, हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही. तुझी एक खोड होती. पान छापून आलं की तू ते आधी उलटं धरायचीस, डोकं खाली, पाय वर. म्हणायचीस, "सुलटं धरलं की आपन वाचाय लागतो. वाचाय लागलं की पान दिसत न्हाई." उलट्या पानात कुठे भोक पडलंय, कुठे दाटी झालीय, ते चटकन कळतं. मीही तसंच करते. बाहेरचं गिऱ्हाईक बघतं आणि त्याला वाटतं, ह्या बाईला अक्षरओळख आहे की नाही.

तर दिवाळीच्या आधी अण्णांनी तीन सॉफ्टवेअर आपल्यापुढे ठेवली. एक आपलं जुनं, वीस वर्षं वापरलेलं. दुसरं नवं, त्याचे दरवर्षी पैसे भरायचे, नाही भरले की ते उघडतच नाही. तिसरं फुकट. नावं तू ठेवलीस. जुनी ती म्हातारी, फुकट ती फुकटी. दरवर्षी पैसे मागणारीला मी भाडेकरीण म्हटलं तर तू मलाच झापलंस. "भाडं आपन भरायचं आन् भाडेकरीन तिला म्हनायचं? घरमालकीन म्हन तिला. भाडं थकलं की दाराला कुलूप." त्यानंतर चार महिने अण्णासुद्धा घरमालकीणच म्हणायचे.

तपासायचं कशावर, हेही तूच ठरवलंस. सोपं पान कुणीही लावेल, अवघड घेऊ, म्हणालीस. तुमच्या बौद्ध मंडळाची वधू-वर परिचय पुस्तिका तेव्हा आपल्याकडे छपाईला आली होती. पानावर दोन रकाने, रकान्यात चौघं, प्रत्येकाचा फोटो, खाली नाव, शिक्षण, नोकरी, उंची, अपेक्षा. तीच सोळा पानं तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये लावायची आणि जे काही बिघडेल ते वहीत लिहायचं. तू फोटो लावता लावता शेरे मारायचीस. "उंची पाच फूट आन् अपेक्षा सात फुटाची." तुझी लेक, आपली प्रज्ञा, पुण्याला कंपनीत, लग्नाचं नाव काढू देत नाही, म्हणून तू तिला न विचारता तिचा फोटो गुपचूप पुस्तिकेत घातलास. मुलींच्या पहिल्या पानावर, डावीकडे, सगळ्यात वर. मी म्हटलं, "कळलं तर ती तुला खाईल." तू म्हणालीस, "खाऊ दे. छापल्यावर खाईल ना."

आपलं भांडण पहिल्या आठवड्यातच जुंपलं. मला घरमालकीण आवडली होती. तुझं म्हणणं, ती मजकूर लांबवते. म्हातारीत जे पान बरोबर बसतं ते घरमालकिणीत चार ओळी खाली घसरतं आणि त्या चार ओळी चौकटीबाहेर दडून बसतात. मी म्हणायचे, फाँट बदल म्हणजे बसेल. तू म्हणायचीस, माझा फाँट का म्हनून बदलू? असं दिवसभर चालायचं आणि चार वाजता एकाच गाळणीतला चहा दोघी प्यायचो. मला आतून वाटायचं, हिला नवं काही नकोच आहे. हे मी कधी तोंडानं बोलले नव्हते. बोलले नव्हते तेच बरं होतं.

दिवाळी झाल्यावर कामावर आलो त्या आठवड्यातली नोंद आहे. तुझं अक्षर. "घरमालकीण. पान उघडल्यावर डावीकडचा रकाना दिसत नाही. पान उजवीकडे सरकवले की दिसतो." त्याखाली माझं अक्षर. "तपासले. माझ्या मशीनवर दिसतो. झूम कमी करणे."

झूम कमी करणे. बघ कसं रुबाबात लिहिलंय मी, खाली सहीसुद्धा ठोकली आहे.

चार दिवसांनी पुन्हा तेच, आता फुकटीत. "डावीकडचा रकाना जातो." मी लिहिलं, "दोन्ही नव्या सॉफ्टवेअरमध्ये शोभाच्या मशीनवर हा दोष. मशीन तपासणे." अण्णांनी एका पोराला बोलावून मशीन पुसून घेतलं, वायरी बदलल्या. पुढच्या सोमवारी तू लिहिलंस, "म्हातारीतही तोच दोष."

ह्या ओळीवर माझं बोट अडकतं, शोभे. म्हातारीत. वीस वर्षं तू डोळे मिटून वापरलंस त्या सॉफ्टवेअरमध्ये डावा रकाना एकाएकी कसा जाईल? तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर, तिघींचा दोष एक, आणि तो फक्त तू बसलीस तरच दिसतो. तपासायला बसलेल्या माणसानं ह्यावरून काय ओळखायला पाहिजे होतं? एवढं साधं गणित होतं. मी उत्तर काढलं, मॉनिटर खराब आहे.

मॉनिटर बदलला. पुढच्या टेबलावरचा अण्णांचा मॉनिटर तुला दिला आणि तुझा त्यांनी घेतला. दोन दिवस तू काही लिहिलं नाहीस. मग लिहिलंस, "मॉनिटर बदलला. तोच दोष." अण्णा तुझ्या जुन्या मॉनिटरवर मजेत काम करत होते. त्यांना सगळं दिसत होतं.

त्याच दिवसांत तू दाराला खांदा धडकवायला लागलीस. छापखान्याचं दार बावीस वर्षांत जागचं हललेलं नाही, आणि तू आत येताना रोज डाव्या चौकटीला धडकायचीस. मी म्हणायचे, "शोभे, दाराशी काय वैर आहे तुझं?" आपण हसायचो. तुझ्या डाव्या हाताला ठेवलेला चहाचा ग्लास आठवड्यातून दोनदा सांडायचा. डबा खाताना तू उजवीकडची भाकरी, भाजी संपवायचीस आणि डावीकडे ठेचा तसाच राहायचा. मी विचारलं, ठेचा का सोडलास, तर तू डब्यात बघून म्हणालीस, "ठेचा आनलाच न्हाई आज." मग मी डबा फिरवला आणि तू म्हणालीस, "अगबाई." मला वाटलं, लेकीच्या लग्नाच्या काळजीनं लक्ष उडालंय.

सकाळी डोकं दुखतं म्हणायचीस. थंडीनं दुखत असेल, म्हटलं मी. कोण म्हणणार नाही?

तू हुशार होतीस, शोभे. तुझ्या हुशारीनंच घात केला. चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासून आलीस, नवा चष्मा केलास, तरी दोष तसाच. मग एके दुपारी तू खुर्ची फिरवून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "हे बघ कुंदे, मी आता नीट तपासलं. डावा डोळा झाकला, तरी डावा रकाना न्हाई. उजवा झाकला, तरी डावाच न्हाई. डोळा बिघडला असता तर एका डोळ्याला दिसलं असतं, एकाला नसतं. दोनीला सारखंच. म्हंजे डोळ्याचं न्हाई हे. मशीनचंच."

किती नीट विचार केला होतास. मला पटलं. मी टाळी दिली तुला. आणि वहीत लिहिलं, तुझ्यादेखत, ठळक अक्षरात: "दोन्ही डोळ्यांनी स्वतंत्रपणे तपासले. दोष डोळ्यांचा नाही."

पुढे नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी भाऊजींना, तुझ्या नवऱ्याला, समजावून सांगितलं तेव्हा मी मागे उभी होते. ते म्हणाले, एका डोळ्याला दिसत नसेल तर डोळ्यात बघायचं. दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचं दिसत नसेल तर डोक्यात बघायचं. तू अगदी बरोबर तपासलं होतंस. पुढचं वाक्य तेवढं आपल्या दोघींना माहीत नव्हतं.

संक्रांत झाल्यावर मंडळाचे लोक घाई करायला लागले. तोवर आपलं ठरलं होतं की तू म्हातारीतच पुस्तिका पुरी करायची आणि मी घरमालकिणीत. दोन्ही प्रुफं शेजारी ठेवून अण्णांना दाखवायची. तू प्रूफ काढलंस, सोळाच्या सोळा पानं वाचलीस, प्रत्येक पानाखाली सही केलीस आणि माझ्या टेबलावर ठेवलंस. "घे. तुझ्या घरमालकिनीला म्हनाव, असं करून दाखव." बऱ्याच दिवसांनी तू खुशीत होतीस.

मी मुलींचं पहिलं पान बघितलं. डावा रकाना अर्धा रिकामा होता. नावं होती, मजकूर होता, आणि वर फोटोंच्या जागी चार कोऱ्या चौकटी.

मी म्हटलं, "शोभे, हे काय? फोटो कुठेत?"

"हायेत की."

"अगं, तुझ्या पोरीचाच फोटो नाही. पहिला प्रज्ञाचाच नाही."

तू माझ्या हातातून पान घेतलंस. बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं, म्हणजे तुला खरंच चुकलेलं काही दिसत नव्हतं. मग सवयीनं तू ते पान उलटं धरलंस, डावा रकाना उजवीकडे आला. आणि तुझा हात थांबला. पान सुलटं केलंस. पुन्हा उलटं केलंस. पुन्हा सुलटं. तीनदा, चारदा. छापखान्यात मशीन चालू होतं, अण्णा फोनवर कुणाशी तरी बोलत होते, आणि तू उभी राहून एक कागद फिरवत होतीस. मग हळू आवाजात म्हणालीस, "कुंदे, आत्तापत्तूर हे पान बरोबर हुतं."

तुझा आवाज कसा होता ते मला अजून ऐकू येतं. तू घाबरली होतीस. बावीस वर्षांत मी तुला घाबरलेलं बघितलं नव्हतं, म्हणून मला ते ओळखता आलं नसेल. किंवा ओळखलं असेल आणि रागापुढे दिसलं नसेल. मंडळाचे लोक दुपारी येणार होते. दिवाळीपासूनचं ते रडगाणं माझ्या डोक्यात बसलं होतं. झूम, वायर, मॉनिटर, चष्मा. कागदावर तर आता सॉफ्टवेअर नव्हतं, मॉनिटर नव्हता. मी म्हटलं, "बास झालं शोभे. कधी हे खराब, कधी ते खराब. नाचता येईना, अंगण वाकडं. तुला नवं शिकायचं नाही, असं सरळ सांग ना अण्णांना."

अण्णांनी फोनवरून मान वळवून बघितलं.  एरवी तू एका शब्दाला चार शब्द लावायचीस. पान टेबलावर ठेवलंस, पिशवी घेतलीस, आणि जाताना चौकटीला खांदा लागला तुझा. मी बघत होते. उठले नाही.

दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस. मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दोष तुझा, फोन तू करायचा, असं मनाशी धरून बसले होते. तुझे राहिलेले चार फोटो मी लावले, प्रज्ञाचा आधी लावला, आणि पुस्तिका छपाईला दिली. चौथ्या दिवशी भाऊजींचा फोन आला. अंगणात धुणं वाळत घालताना तू पडलीस, हातपाय वाकडे झाले, तोंडाला फेस. नगरला नेतोय, म्हणाले. मी तशीच एसटीत बसले.

डोक्यात उजव्या बाजूला गाठ. लिंबाएवढी. डॉक्टरांनी भाऊजींना विचारलं, "त्रास कधीपासून आहे?" भाऊजी म्हणाले, "डोकं दुखतं म्हनत हुती, आठ-पंधरा दिस झाले आसतील." डॉक्टर म्हणाले, "दिसण्यात काही फरक? धडकणं, एका बाजूचं न दिसणं?" भाऊजी म्हणाले, "न्हाई साहेब, तसलं काय न्हाई." ते बिचारे साखर कारखान्यात पाळीवर, त्यांना काय माहीत.

मला तारीख माहीत होती, शोभे. मला वार माहीत होता. कुठलं पान, कुठलं सॉफ्टवेअर, सगळं माहीत होतं. एक पाऊल पुढे टाकून म्हणायचं होतं, साहेब, दिवाळी झाल्यापासून. मी पदर हातात घट्ट धरून उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने आधी आणलं असतं तर मी वेगळं बोललो असतो." मग प्रज्ञा पुण्याहून आली, धावत, पायात दोन जातीच्या चपला. ती मला कोपऱ्यात घेऊन गेली आणि विचारलं, "मावशी, तू दिवसभर तिच्या शेजारी असतेस. तुला काहीच जाणवलं नव्हतं?" मी म्हटलं, "नाही गं."

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. खुर्ची तुझ्या पलंगाच्या डाव्या बाजूला होती, मी तिथेच बसले. तू जागी होतीस, उजवीकडे खिडकीकडे बघत होतीस. मी तासभर बसले. तुझा हात हातात घेतला होता, तोही डावाच. तू नर्सला विचारलंस, "कुंदा आली न्हाई का अजून?" मी तुझा हात दाबला तरी तू विचारत होतीस. मग मी उठले, पलंगाला वळसा घालून खिडकीपाशी गेले. तू हसलीस. "आलीस व्हय. कदी आलीस?" मी म्हटलं, "आत्ताच." तू म्हणालीस, "फोटो लागले का गं सगळे?" मी म्हटलं, लागले. माफ कर म्हणायचं होतं, ते जिभेवर आलं आणि नर्स औषध घेऊन आली. मला वाटलं, उद्या म्हणू. ऑपरेशन शुक्रवारी होतं. तू बुधवारी गेलीस.

तू गेल्यानंतरच्या जलदान विधीची पत्रिका मीच लावली. दुसरं कोण लावणार? एका पानाची पत्रिका, मला दोन दिवस लागले. पुण्यानुमोदनाला अख्खं गाव आलं होतं. किती जणांची लग्नं तुझ्या हातच्या पत्रिकेवर लागली ते त्या दिवशी कळलं मला.

मागच्या आठवड्यात मी बसले आणि वहीतली तुझी एकेक तक्रार पुन्हा तपासली. तुझ्या मशीनवर, तुझ्या खुर्चीत. डावीकडच्या रकान्याच्या सगळ्या सोडल्या. उरलेल्या बघितल्या. मजकूर लांबतो म्हणाली होतीस, लांबतो. चार ओळी चौकटीबाहेर दडतात म्हणाली होतीस, दडतात, आणि फाँट बदलून बसत नाहीत. जोडाक्षरं छापताना फुटतात, फुटतात. उरलेली एकही खोटी निघाली नाही. तू नव्याला घाबरून काही लिहिलंच नव्हतंस. जसं दिसत होतं तसं लिहीत होतीस. ते भांडण तू जिंकलीस, घे. माझ्या बाळंतपणात तीन महिने माझंही काम तू ओढलंस आणि अण्णांना कळू दिलं नाहीस, त्याचंही कधी बोलले नाही मी तुझ्याशी. आता बोलते तर ऐकायला कोण आहे?

परवा प्रज्ञा आली. तुझ्या खुर्चीवरची उशी, डबा आणि चष्मा न्यायला. मी तिला बसवलं, तुझ्याच खुर्चीत, आणि खण उघडून वही तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "आधी हे वाच."

ती वाचत गेली. शिकलेली पोर, फटाफट वाचते, पण दहाव्या पानानंतर तिचा वेग कमी झाला. मध्येच मागे जाऊन एक पान पुन्हा वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "दोष डोळ्यांचा नाही. हे तुझं अक्षर आहे?"

"हो."

"सही पण तुझी?"

"माझीच. प्रज्ञा, दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. मला सगळं दिसत होतं. मीच लिहून ठेवत होते. शेवटी शेवटी तर तिला नको ते बोलले." मी 'नाचता येईना'चंही सांगितलं. काही लपवलं नाही. मला वाटलं, आता ही ओरडेल, वही तोंडावर फेकेल. मला तेच हवं होतं.

तिनं वही मिटली. पर्समधून मोबाईल काढला, बराच वेळ बोट वर सरकवत राहिली. मग टेबलावर ठेवून दाबलं आणि छापखान्यात तुझा आवाज आला. अण्णा आतल्या खोलीतून बाहेर आले. मागे आपलं मशीन चालू असल्याचा आवाजही त्यात होता.

"प्रज्ञा, अगं ह्या नव्या सॉफ्टवेअरमदी डावीकडचं अर्धं दिसतच न्हाई बघ मला. लई तरास हाय. कुंदाला कळंना, अण्णांना कळंना. तू कंपनीत कंप्युटरवरच बसतीस, तर सांग की काय करायचं."

त्याखालचा तिचा स्वतःचा निरोपही तिनं लावला. मान खाली घालून. "आई, नव्या सॉफ्टवेअरचं सगळ्यांना सुरुवातीला असंच होतं. डावीकडचं पॅनल लपलं असेल. मी व्हिडिओ पाठवते, तो बघ आणि तसं कर. होईल सवय."

त्याखाली तुझं उत्तर होतं. टाइप केलेलं. "बघितला. हुईल सवय."

आम्हा दोघींना एकमेकींकडे बघवत नव्हतं. अण्णांनी चहा मागवला, तो तसाच गार झाला. दवाखान्यात तिनं मला कोपऱ्यात नेऊन का विचारलं होतं, ते मला तेव्हा कळलं. तिला माझ्या तोंडून 'नाही'च ऐकायचं होतं.

शोभे, तीन आठवडे माझं मन मला खात होतं की तुझं कुणी ऐकलं नाही. खरं त्याहून वाईट आहे. तू आम्हा दोघींना सांगितलंस. आम्ही दोघींनी नीट ऐकून घेतलं आणि तुला नीट समजावून सांगितलं. आणि तू आमचं ऐकलंस.